दोन्हीकडून ऐकू येतंय का?

नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी मला एक नियम शिकवला गेला. रायपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये आम्ही दहा-बारा मुली एका लांब बोर्डासमोर बसायचो. गोल बाजारातल्या कापडवाल्याला नागपूरचा अडत्या हवा असायचा. आम्ही दोरीची दोन टोकं दोन भोकांत खुपसून त्यांना जोडून द्यायचो. आमच्या सुपरवायझर बाई सांगायच्या, दोन्हीकडून 'हॅलो' आलं, याला तो आणि त्याला हा ऐकू येतोय अशी खात्री झाली, की आपली ऐकायची किल्ली बंद करायची. खात्री होण्याआधी लाइन सोडायची नाही, आणि झाल्यावर क्षणभरही ऐकत बसायचं नाही. नियमाचा दुसरा भाग आम्ही सगळ्याच जणी कधी ना कधी मोडायचो. लग्नं ठरायची, मोडायची, आणि आम्हाला घरच्यांच्या आधी कळायचं. पहिला भाग मात्र मी नोकरीत कधी मोडला नाही. तो मोडला निवृत्तीनंतर, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

मधली पस्तीस वर्षं सांगत बसत नाही. दोऱ्या गेल्या, बोर्ड भंगारात गेला, मी परीक्षा देऊन टेस्ट रूममध्ये गेले आणि लाइनीतला बिघाड शोधायला शिकले. मग रायपूर राजधानी झालं. कालपर्यंत लाइनमन जिथे सायकलवरून फिरायचा त्या शहरात एकदम मंत्री आले, सचिव आले, त्यांचे पीए आले, आणि प्रत्येकाला फोन आजच हवा होता. त्या दिवसांवर लोक मोठाले लेख लिहितात. मला आठवतं ते एवढंच, की दोन महिने जेवणाचा डबा मी जीपमध्ये बसून खाल्ला. निवृत्तीच्या वेळी एक शाल मिळाली, ती अजून घडी न मोडता कपाटात आहे.

त्यानंतर जे काम केलं त्याला धड नावही नाही. टाळेबंदी लागली, आमच्या मराठी मंडळाचा गाण्याचा वर्ग बंद पडला, आणि मंडळाच्या सचिवांनी विचारलं की दीदी, तुम्ही आयुष्यभर लाइनीच जोडल्या, आमच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही जोडून देता का. एकाने वाजवून पाठवायचं आणि दुसऱ्याने सवडीने त्यावर वाजवायचं, तसं नाही. दोघे आपापल्या गावी, आपापल्या घरी, पण एकाच वेळी, समोरासमोर बसल्यासारखे वाजवणार. मी म्हटलं पाहते. पुढची चार-पाच वर्षं तेच पाहत राहिले.

यातली अडचण एकच, आणि ती समजली की सगळा धंदा समजला. आवाजाला पोचायला वेळ लागतो. बैठकीत तबलजी पेटीवाल्यापासून दोन हातांवर बसतो, तेव्हाही लागतो, पण तो कुणाला जाणवत नाही. दहा मीटरपर्यंत कसलेले वादक सांभाळून घेतात, त्यापुढे ओढाताण सुरू होते. इंटरनेटवर हा उशीर तारेच्या लांबीने होतो, मधल्या यंत्रांनी होतो आणि बऱ्याचदा आपल्याच कॉम्प्युटरने होतो. साध्या व्हिडिओ कॉलवर तर तबलजी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसलाय असं समजा. माझं काम म्हणजे त्याला उचलून शक्य तितका जवळ आणायचं. भिलाईचा माणूस मी शेजारच्या खोलीत आणून बसवू शकायचे. नागपूरचा अंगणात. पुण्याचा रस्त्यापलीकडच्या ओट्यावर, त्याहून जवळ नाही. अमेरिकेतल्या मुलाला इथल्या आईच्या पेटीबरोबर वाजवायचं असलं तर मी सरळ नाही म्हणायचे. आई रुसायची, पण माझा इलाज नव्हता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. नवा रायपूरमध्ये एक मोठे अधिकारी होते, त्यांना गिटारचा नाद. भिलाईचा त्यांचा कॉलेजमधला मित्र कीबोर्ड वाजवायचा. दोघांचं काही केल्या जुळेना, म्हणून साहेबांची इंटरनेटवाल्यांना तीन कडक पत्रं लिहून झाली होती. मी गेले. त्या रस्त्यांवर बस मिळत नाही, रिक्षावाला यायला तयार नाही, पोचायलाच अर्धा दिवस गेला. पाहते तर साहेबांच्या कानाला बिनतारी हेडफोन. सगळा उशीर त्या दोन इंच जागेत बसला होता. घरात तारा दिसल्या की गबाळं वाटतं असं मॅडमचं मत होतं. मी पर्समधला गोल बाजारातल्या फूटपाथवरचा हेडफोन काढून लावून दिला, पाच मिनिटांत गिटार आणि कीबोर्ड एकत्र आले. साहेब खूश व्हायच्या ऐवजी जरा खट्टूच झाले. एवढ्या मोठ्या माणसाचा बिघाड एवढा साधा असावा, हे त्यांना पटलं नसावं.

आमच्या तात्यापाऱ्यातल्या बायकांच्या भजनी मंडळाने तर मला न विचारताच फोनवर आरती लावली. अकरा बायका, अकरा घरं, आणि सगळ्यांच्या टाळ्या. प्रत्येकीला बाकीच्यांची टाळी जरा उशिरा ऐकू येई, म्हणून ती त्यांच्यासाठी क्षणभर थांबे. तिचं ते थांबणं बाकीच्यांना ऐकू येई, म्हणून त्याही थांबत. चौथ्या कडव्यापर्यंत आरती इतकी संथ झाली की निरांजनं विझली. शेवटी एकमेकींना पुढे जा, पुढे जा म्हणत त्या आरती सोडून भांडायलाच लागल्या. हसण्यावारी गेलं, पण आमच्या धंद्यातला खरा रोग तो हाच आहे. उशिरापेक्षा त्या उशिरामुळे माणसं एकमेकांसाठी थांबतात, त्याने लय बसते, म्हणजे संथ होत खाली जाते. जितकी माणसं समंजस, तितकी ती लवकर बसते.

मधुकर देशकर आणि चिंतामणी साहू यांच्याइतकी समंजस जोडी मी दुसरी पाहिली नाही, म्हणून माझ्या हातून सर्वांत जास्त बिघडलं ते त्यांचंच.

देशकर भाऊ रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. गुढियारीत रुळांना लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. ते पेटी वाजवत. साहूजी, भाऊंचे 'चिंता', इथलेच, शाळेत संगीत शिक्षक होते, तबला वाजवत. मराठी त्यांना सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत. चाळीस वर्षं आमच्या मंडळाच्या गणपतीत पाचव्या दिवशी साहूजींचा एकल तबला आणि साथीला देशकरांची पेटी, हे ठरलेलं. एकल तबल्यात पेटीवाल्याने एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची असते, तिला लेहरा म्हणतात. सोळा मात्रा संपल्या की परत पहिली, तीच सम. तबलजी त्या ओळीवर विसंबून कुठेही भटकून येतो. पेटीवाल्याने हलायचं नाही. यात नाव तबलजीचं होतं, पेटीवाल्याचं कुणी विचारत नाही, आणि भाऊंना त्याचं काही वाटत नसे.

रियाज भाऊंच्या घरी चाले आणि त्या घराची एक रीत होती. मालगाडी आली की काही ऐकू येत नसे. तेव्हा साहूजी तबल्यावरून हात उचलून मांडीवर ठेवत. भाऊ मात्र पेटी थांबवत नसत, गाडीच्या धडधडाटात लेहरा चालूच ठेवत. शेवटचा डबा गेला की साहूजी बरोब्बर समेवर येत. ऐकू काही येत नसताना ते सम धरत कशी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले भाऊंच्या भात्यावरचा हात पाहतो. गाड्या गुढियारीत कमी नाहीत. तासाभरात तीन-चारदा हात उचलावा लागे, चाळीस वर्षं.

टाळेबंदीच्या आदल्या वर्षी साहूजींना अर्धांगाचा झटका आला. वाचले, पण डावा हात कमजोर झाला. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले हात चालता ठेवा. मुलाने लेहरा वाजवणारं यंत्र आणून दिलं, त्याच्यापुढे साहूजी दोन दिवस बसले आणि उठले. मग मुलाने मला फोन केला. बाबा म्हणतात या गणपतीत देशकर भैयांबरोबर एकदा बसतो, जमलं तर जमलं, नाही तर तबला कुणाला तरी देऊन टाका. जमलं तर जमलं, असं म्हणणारा माणूस दुसऱ्याच गोष्टीची तयारी करत असतो. ते मला फोनवरही कळलं.

मी कामाला लागले. पुण्यात मुलाकडून तारा जोडून घेतल्या, फक्त आवाजाच्या, कारण चित्राने उशीर वाढतो. गुढियारीत स्वतः गेले, तोंडाला मास्क लावून. भाऊंच्या खोलीची रुळांकडची खिडकी बंद केली, वहिनींकडून दोन रजया मागून तिच्यावर टांगल्या, पंखा बंद करवला. भादव्यातला रायपूरचा उकाडा, भाऊ बनियन पिळून काढावा असे भिजत, पण पेटी सोडत नसत. हेडफोनला ते टोपडं म्हणत. एवढं करूनही गाडीचा भोंगा माइकमध्ये यायचाच. तो ऐकू आला की पुण्यात साहूजी हात उचलून मांडीवर ठेवत, असं मुलगा सांगे. तिथे कसलाही आवाज नसताना. मला तो माझा पराभव वाटायचा.

आणि लय बसू लागली. तबला भाऊंच्या कानात उशिरा येई, भाऊ त्याच्यासाठी थांबत, पुण्यात पेटी आणखी उशिरा पोचे, साहूजी तिच्यासाठी थांबत. शिवाय डाव्याचा बोल जरा जड पडला की भाऊ ओळ हलकेच सैल सोडत, तबलजीला श्वास मिळावा म्हणून. चाळीस वर्षांची सवय ती. अर्ध्या तासात लय निम्म्यावर येई. साहूजींना वाटे आपला हात गेला, म्हणून हे होतंय. मी परोपरीने सांगितलं की हा तारेचा दोष आहे, हाताचा नाही, पण आजारी माणसाला यंत्रातला दोष पटत नाही.

उपाय एकच होता. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला ऐकणं सोडायचं. पेटीवाल्याने डोळे मिटून आपली ओळ सरळ वाजवत जायचं, तबलजी तिच्यावर बसेल. मी भाऊंना म्हटलं, तुम्ही तबला ऐकू नका.

"चाळीस वर्षं आयकूनच वाजवलं दीदी," ते म्हणाले, "आता काहून नाही आयकायचं?"

मी दहा मीटरचं, ओट्याचं, आरतीचं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गणपतीच्या पाचव्या दिवसाला तीन दिवस राहिले असताना साहूजी तबल्यातली कायदा नावाची रचना अर्ध्यावर टाकून उठून गेले, आणि संध्याकाळी मुलाचा फोन आला की बाबा तबल्याला गवसणी घालून बसलेत. मी म्हटलं, त्यांना म्हणावं एकदा बसा, यंत्रं मी नीट करते. ते कसंबसं तयार झाले.

पाचव्या दिवशी सकाळी मी भाऊंना म्हटलं, आवाज तपासायचाय, एकटेच वाजवा. त्यांनी आधी संथ लयीत आणि मग द्रुत लयीत लेहरा वाजवला. समोर कुणी नसल्यामुळे लय घड्याळासारखी. दोन गाड्यांच्या मधलं स्वच्छ आठ-आठ आवर्तनांचं वाजवणं मला मिळालं. ते मी कापलं, टोकाला टोक जोडलं, की वाटेल तितका वेळ फिरत राहावं. सांधा कुठे आहे हे माझं मलाही ऐकू येईना, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या सांध्याचा अभिमान वाटला.

बैठक दुपारी चारला, अर्धा तास संथ आणि वीस मिनिटं द्रुत असं आधीच ठरलेलं. साहूजी पुण्यात, भाऊ गुढियारीत, मी तात्यापाऱ्यात माझ्या जेवणाच्या टेबलाशी, आणि मंडळाचे लोक आपापल्या घरी फोन लावून बसलेले. भाऊ मला आधीच म्हणाले होते की टोपड्यात तुमचा आवाज गोंधळतो, सुरू करायचं झालं की मिस कॉल द्या आणि संपलं की आणखी एक द्या. मी मिस कॉल दिला. त्यांची लाइन बंद केली आणि साहूजींच्या कानात सकाळचा लेहरा सोडला. भाऊ आपल्या खोलीत वाजवत होते. ते साहूजींना जात नव्हतं, मंडळाला जात नव्हतं, आणि माझ्या कानात गोंधळ नको म्हणून मीही ते बंद ठेवलं होतं.

साहूजींनी पन्नास मिनिटं वाजवलं. लय केसभरही हलली नाही. डावा हात पहिल्या दहा मिनिटांत चाचपडला, मग त्याला जमीन सापडली. द्रुत लयीत तर त्यांनी झटक्याआधीच्या साहूजींसारखं वाजवलं. मंडळाच्या लोकांचे निरोप येत राहिले, बायका रडल्याचं कळलं. त्यात दोघातिघांनी आवर्जून लिहिलं होतं की देशकरांनी आज काय पेटी सांभाळली. मी भाऊंना दुसरा मिस कॉल दिला. मग पुण्याला फोन लावला.

साहूजींनी विचारलं, "दीदी, आज गुढियारी में मालगाड़ी बंद है का?"

मी म्हटलं खिडकी नीट बंद केली होती. ते इथल्या बोलीतलं हो म्हणाले, "हव." आणि फोन ठेवला. मला वाटलं संपलं.

त्यानंतर साहूजी बसेनात. हात दुखतोय, मुलाकडे पाहुणे आहेत, उद्या पाहू. दहा-बारा दिवस गेले आणि भाऊंचा मला फोन आला. चिंता माझा फोन उचलून नाही राहिला, लाइनीत काही बिघाड आहे का पाहा ना, म्हणाले. मी पाहिलं. आयुष्यभर तेच केलेलं, पाहण्यासारखं काही नाही हे माहीत असूनही पाहिलं, आणि त्यांना सांगितलं की लाइन चांगली आहे. ते बरं म्हणाले. मला त्या 'बरं'ची लाज वाटली आणि मी पुण्याला फोन लावला.

साहूजींनी आढेवेढे घेतले नाहीत. "भैया को नहीं बैठना था तो बोल देते," ते म्हणाले. "टेप काहे भेज दी?"

ओळ त्यांच्यासाठी कुठेच सैल पडेना, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आवर्तनालाच त्यांना शंका आली होती. पंधरा मिनिटं झाली तरी गाडी आली नाही तेव्हा खात्री झाली. कमजोर हाताला मधूनमधून मांडीवर टेकायला मिळतं, या हिशोबाने त्यांनी पन्नास मिनिटांचं मनात बांधलं होतं. गाडी आलीच नाही, हात उचलायला मिळालाच नाही. त्यांनी मला सांगितलं की बायाँ हात पूर्ण वेळ गाडीची वाट पाहत होता. नंतर चार दिवस तो खांद्यापासून सुजला होता, ते पाहुणे वगैरे खोटं, हात दुखणं तेवढं खरं. आणि त्यांना वाटलं होतं की भाऊंनीच हे करवलं. लय पाडणाऱ्या तबलजीला भैया कंटाळले, तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून टेप धाडून दिली.

मी सगळं सांगितलं. कुणी कापलं, कुणी जोडलं, कुणाला माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "उनको बताया?"

"नाही."

"तो पहले उनको बताओ."

मी दुसऱ्या दिवशी गुढियारीला गेले. रजया तशाच टांगलेल्या होत्या. मी पुन्हा येईन आणि पुन्हा बंद करायला सांगेन म्हणून वहिनींनी काढल्याच नव्हत्या. मी भाऊंना पहिल्यापासून सांगितलं. ते पेटीचं झाकण लावून त्यावर हात ठेवून ऐकत होते. मध्ये एक गाडी गेली, तेव्हा मी थांबले आणि तेही थांबले.

"म्हणजे मी वाजवलं ते चिंताले गेलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मंडळाले?"

"नाही."

"तुमी तरी आयकलं का?"

मी म्हटलं, नाही. मी तुमची लाइन बंद केली होती. ते कुठे साठवूनही ठेवलं नाही.

ते थोडे हसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या बोलीत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत ते मला नीट आठवत नाही, मी तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. त्या दिवशी त्यांनी टोपडं घातलंच नव्हतं. इतके दिवस मी त्यांना ऐकू नका, ऐकू नका म्हणत होते, आणि कानात चिंताचा हात आला की त्यांच्याने ऐकल्यावाचून राहवत नव्हतं. म्हणून बैठकीच्या दिवशी त्यांनी टोपडं काढून खुंटीला टांगलं. मिस कॉल त्यासाठीच मागितला होता. समोरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून त्यांनी अर्धा तास संथ आणि वीस मिनिटं द्रुत लेहरा वाजवला. मित्र झटक्यातून उठून पहिल्यांदा वाजवत होता, ते त्यांनी ऐकलं नाही. त्याची लय पडू नये म्हणून ऐकलं नाही.

"नंतर आयकीन म्हटलं, कोणाच्या तरी फोनवर," ते म्हणाले. मग म्हणाले, "बसली त नव्हती ना माझी लय, तेवढं सांगा."

ती बसली की नाही हे जगात कुणालाच माहीत नाही. त्यांच्या खोलीत वहिनी होत्या, त्या म्हणाल्या गाड्या दोन गेल्या, बाकी मला काय कळतं.

धंद्यातल्या चुका मी पुष्कळ केल्या आहेत. चुकीची लाइन जोडली, एका मंत्र्याचा फोन दोन दिवस शेजारच्या गोठ्यात वाजवला. त्यांचं काही वाटत नाही. ही एकच अशी आहे की जिच्यात सगळं बिनचूक झालं. त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण मंडळाकडे आहे. लोक अजून ते एकमेकांना पाठवतात, त्यावर दोघांची नावं आहेत, आणि खरोखर ते फार चांगलं आहे. माझ्या फोनवर आलं की मी न ऐकता पुसून टाकते.

त्याच दुपारी भाऊंनी मला लाइन जोडायला सांगितली. मी पुण्याला मुलाला कळवलं. अर्ध्या तासाने साहूजी लाइनवर आले. मी दुसरा हेडफोन लावून भाऊंच्या बाजूला बसले. दोघांनी एकमेकांना तब्येत विचारली. तेवढ्यात साहूजींनी विचारलं, "भैया, खिड़की बंद है का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, दोन्ही रजया उतरवल्या, कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. रुळांवरची गरम हवा आत आली. वहिनींनी पंखाही लावला. माइकच्या दृष्टीने याहून वाईट खोली होऊ शकत नाही.

ते वाजवू लागले आणि लय बसू लागली, अगदी पहिल्यासारखी. हा त्याच्यासाठी थांबे, तो याच्यासाठी. मी कशालाच हात लावला नाही. वीसेक मिनिटांत ती इतकी खाली आली की दोन मात्रांमध्ये पंख्याची खरखर ऐकू यावी. त्या लयीत साहूजींचा डावा हात आरामात पोचत होता, प्रत्येक बोलाला पुरेसा वेळ होता. मग गाडी आली. भोंगा झाला आणि पुण्यात तबला थांबला. हातभर अंतरावर बसूनही मला पेटी ऐकू येईना, फक्त भात्यावरचा भाऊंचा हात हलताना दिसत होता. साहूजींना तर तोही दिसत नव्हता. मालाची गाडी, लांबलचक. शेवटचा डबा गेला, आवाज उतरला, पेटी सोळाव्या मात्रेवर होती, आणि पुण्याहून समेचा 'धा' आला.

यंत्रावर पाहिलं असतं तर तो किती उशिरा आला हे मला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगता आलं असतं. भाऊंनी पेटीवरून मान वर केली आणि समोरच्या सतरंजीकडे पाहिलं, साहूजी बसायचे तिथे. पुण्याहून आवाज आला, "हव भैया."

दोन्हीकडून ऐकू येत होतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि आत वहिनींकडे गेले.